बारा नारळांचं पान

आमच्या ऑफिसात एखादं वेब पेज तयार झालं की ते गिऱ्हाइकाच्या आधी काकांच्या फोनवर उघडायचं, असा शिरस्ता होता. काका फोन टेबलावर उताणा ठेवायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि पान उघडायला लागलं की खालच्या गाळ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मोजायला लागायचे. "एक नारळ, दोन नारळ, तीन नारळ..."

एक नारळ म्हणजे एक सेकंद. काकांचे वडील मालवणकडे एका बागायतदाराकडे नारळ मोजून पोत्यात भरायचे. उचलायचा, आकडा म्हणायचा, टाकायचा. "बाबांचो सेकंद कधी चुकलो नाय," काका सांगायचे. मी एकदा मोबाइलचं स्टॉपवॉच लावून चोरून तपासलं. तीस नारळांना तीस सेकंद. मी फोन परत खिशात टाकला.

"काका, पण घड्याळ असताना नारळ कशाला?" मी विचारलं होतं.

"घड्याळाकडे बघितलंस तर पानाकडे कोण बघणार, तुझा आजा? मोजायचं तोंडाने, बघायचं डोळ्यांनी."

हद्द होती बारा नारळांची. बाराच्या आत पान पूर्ण उघडलं तर पास, नाहीतर परत. त्यांच्या मते बारा नारळांच्या पुढे माणूस थांबत नाही. देव थांबतो, कारण त्याला दुसरं काम नसतं.

आमचं ऑफिस मुलुंडला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली पुठ्ठ्याचे खोके कापायचं मशीन. ते धाड करून बसलं की आमच्या कपातला चहा हलायचा. माणसं सात. मालक घाटकोपरचे, त्यांना सगळे शेठ म्हणायचे. मी डिझायनर, म्हणजे पान दिसायला कसं असेल ते ठरवणारा. माझी कीर्ती तोवर एवढीच, की एका दाताच्या डॉक्टरसाठी मी हसणारं तोंड काढलं होतं आणि त्यात चौतीस दात काढले होते. डॉक्टरने मोजले. काकांनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "वरचे दोन कोणाचे रे?"

काका जन्मभर टेलिफोनच्या तारा जोडून, लवकर निवृत्ती घेऊन आमच्याकडे आले होते. शेठनी त्यांना ऑफिसची लाइन सांभाळायला ठेवलं. लाइन सांभाळून वेळ उरायचा, म्हणून ते आमची पानं तपासायला लागले, आणि वर्षभरात अशी पाळी आली की काकांची सही झाल्याशिवाय पान बाहेर जाईना. सहीसाठी त्यांनी एक दोनशे पानी वही केली होती. पानाचं नाव, अंदाज, प्रत्यक्ष, सही.

अंदाज आधी. ते फार महत्त्वाचं. फोन हातात घेण्यापूर्वी ते कुठल्या तरी पाकिटाच्या पाठीवर गणित करायचे आणि किती नारळ लागतील ते लिहून मोकळे व्हायचे. गणित त्यांनी मलाही शिकवलं. फाइल मोजतात बाइटमध्ये, लाइन मोजतात बिटमध्ये, एका बाइटचे आठ बिट. म्हणून फाइलच्या वजनाला आठाने गुणायचं आणि लाइनच्या वेगाने भागायचं. वेग मात्र कंपनी सांगेल तो नाही. त्याच्या निम्मा. "जाहिरातीतली लाइन आणि पडवीतली लाइन वेगळी," ते म्हणायचे.

ही पडवी त्यांच्या बहिणीची. बहीण, म्हणजे आक्का, गावाला. काकांनी एकाच दिवशी एकसारखे दोन स्वस्तातले फोन घेतले होते. एक बहिणीला दिला, दुसरा ऑफिसात तपासणीला. तपासणीचा फोन सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम जुन्या, संथ नेटवर्कवर बांधून ठेवलेला. पवईच्या काचेच्या इमारतीत बसलेल्या माणसासाठी कुणीही पान बनवील. आपलं पान आक्काच्या पडवीत उघडलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आम्ही ब्यूटी पार्लरचं पान केलं, बॉल बेअरिंगच्या दुकानाचं केलं. आक्काला बॉल बेअरिंगशी काय देणंघेणं? तरी ते तिच्या पडवीत उघडावं लागायचं.

आणि आणखी एक विधी होता. एकदा उघडलेलं पान फोन लक्षात ठेवतो. फोटो वगैरे साठवून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्यांदा ते चटकन उघडतं. म्हणून काका प्रत्येक तपासणीआधी फोनची आठवण पुसायचे. नुसतं तेवढ्यावर भागायचं नाही. फोन पुसून टेबलावर ठेवला की ते स्वतः खाली टपरीवर जाऊन अर्धा कटिंग पिऊन यायचे आणि दाराची बेल वाजवून आत यायचे. रोजचा माणूस बेल वाजवून आत येतोय म्हटल्यावर पहिले काही दिवस आम्ही हसून लोळलो.

"हसताय काय? मी आता परका," ते गंभीरपणे म्हणायचे. "दुसऱ्यांदा पान उघडतो तो आपला माणूस. तो थांबतो. पहिल्यांदा उघडतो तो परका. वेळ परक्याचा मोजायचा."

मोजणं पानांपुरतं राहिलं नव्हतं. लिफ्टला किती, उडप्याच्या डोशाला किती, शेठ 'एक मिनिट हं' म्हणाले की त्या मिनिटाला किती, सगळं ते पुटपुटत असायचे. इस्टेटच्या वॉचमनचे वडील गेले तेव्हा खाली आवारात शोकसभा झाली. सेक्रेटरींनी दोन मिनिटं शांतता जाहीर केली आणि थोड्या वेळाने 'धन्यवाद' म्हणून माइक बंद केला. सगळे पांगले. काका एकटे उभे, डोळे मिटलेले. मी हळूच दंडाला धरलं तर त्यांनी हात झटकला. नंतर जिन्यात म्हणाले, "एकशे एक नारळच झाले होते. उरलेले एकोणीस कोण देणार?"

ही गोष्ट मी त्यानंतर शंभर वेळा सांगितली असेल, त्यांची नक्कल करून. काकांना 'नारळकाका' हे नाव मीच पाडलं. लोक हसायचे. मला लोक हसले की बाकी काही सुचत नाही. माझ्या बहुतेक चुकांचं मूळ तिथे आहे.

आता ज्या चुकीबद्दल सांगायचंय तिच्यात मात्र हसण्यासारखं काही नाही.

एका ट्रस्टचं काम आलं. कोकणातून मुंबईला शिकायला येणाऱ्या मुलींसाठी त्यांनी मुलुंडला वसतिगृह बांधलं होतं. पहिलंच वर्ष. जागा थोड्या, अर्ज सगळे ऑनलाइन, आमच्या पानावरून. काकांनी त्या कामात असा जीव घातला की जसं काही वसतिगृहाच्या भिंती त्यांनाच रंगवायच्या होत्या. कारण लवकरच कळलं. बहिणीची मुलगी बारावी झाली होती. एक्स-रे काढायला शिकवणाऱ्या कोर्सला तिला इथे प्रवेशही मिळाला होता. राहायची सोय तेवढी नव्हती. काकांच्या वन रूम किचनमध्ये आधीच पाच माणसं, त्यात अंथरुणाला खिळलेले सासरे. वसतिगृह मिळालं तर मुलगी शिकणार, नाहीतर गावाला राहणार. इतकं सरळ होतं.

मी त्या पानावर वसतिगृहाच्या इमारतीचा फोटो टाकला. ड्रोनने काढलेला, संध्याकाळचा, खिडक्यांत दिवे लागलेले. तीन एमबीचा. फोटो लहान करता आला असता, पण मग खिडक्यांतले दिवे पुसट व्हायचे, आणि मला ते दिवे हवे होते. वर मी एक करामत केली. आधी फोटो संपूर्ण उमटणार आणि तो उमटल्यावरच खालून अर्ज अलगद वर येणार. शेठ बघून म्हणाले, "झकास! क्लायंट खूश होणार."

काकांनी पाकिटाच्या पाठीवर गणित केलं. तीन एमबी गुणिले आठ; कंपनीची लाइन एक मेगाबिटची, म्हणून भागिले अर्धा. अठ्ठेचाळीस. बाकीच्या मजकुराचे चार.

"बावन्न नारळ," ते म्हणाले. "चालायचं नाही. मजकूर आधी येऊ दे, चित्र मागून. पोरीला अर्ज भरायचाय, इमारत विकत घ्यायची नाही."

"काका, तुमचं गणित जुनं झालं आता," मी म्हटलं. "नव्या पद्धतीत फोटो वेगळ्या तऱ्हेने येतो. उघडून तर बघा."

नवी पद्धत वगैरे काही नव्हतं. चार वाजता ट्रस्टची माणसं यायची होती आणि मला ते दिवे दाखवायचे होते, एवढंच.

काकांनी फोनची आठवण पुसली, फोन टेबलावर ठेवला आणि परके व्हायला खाली गेले.

त्यांच्या फोनला कुलूप नसायचं. मी तो उचलला आणि पान उघडलं. पांढरा पडदा. मग वरून आकाशाची एक पट्टी. मग आणखी एक. मी दाराकडे बघत होतो आणि नकळत नारळ मोजत होतो. चाळिसाव्या नारळाला गच्ची दिसली. बावन्नाव्याला अर्ज वर आला. अगदी बावन्न; ना एक कमी, ना एक जास्त. मी पान बंद करून फोन होता तसा ठेवला आणि बेल वाजली.

"एक नारळ, दोन नारळ, तीन नारळ, चार..." आणि अर्ज वर आला.

काका बघतच राहिले. पुन्हा पाकीट उलटं करून गणित तपासलं. ऑफिसातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीच सुरुवात केली होती. काकांनी वही उघडली. अंदाज: बावन्न. प्रत्यक्ष: चार. इतका मोठा फरक त्या वहीत त्याआधी कधी पडला नव्हता. सही करताना ते हसले, पण ओशाळून. "म्हातारा झालो रे झिला. नवीन मला कळेनासं झालं."

मी म्हटलं, "चालतं काका, होतं असं."

मी असं म्हटलं! आजही आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

अर्ज सुरू झाले, बरेच आलेही. तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत बसून भरणाऱ्यांना काही अडचण आली नसावी. काकांच्या भाचीचा उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयात अडकला होता. तो मिळाला शेवटच्या दिवशी दुपारी. मुदत सहा वाजेपर्यंत. सहाला अर्ज आपोआप बंद होणार, तशी व्यवस्था आमच्याच माणसाने केलेली.

साडेपाचला काकांचा फोन वाजला. माझं टेबल त्यांच्या शेजारी. पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता. त्यांचा येत होता.

"होय गो बाय... पांढराच दिसतंय? थांब जरा, बारा नारळ मोज, त्याच्या आत उघडतला... नाय, मधेच मागे जाऊ नको. मी स्वतः तपासलंय ते... थांब, बघतो."

त्यांनी तपासणीचा फोन काढला, पान उघडलं. तीन-चार नारळांत आलं. काका रोज त्यावर ते पान उघडून बघायचे, त्यामुळे त्या फोनला त्या पानाची आता चांगली ओळख झाली होती, आणि या घाईत आठवण पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"इथे उघडतंय गो. तुझ्या फोनात काहीतरी झालंय. बंद करून चालू कर."

तिच्याकडे काय होत होतं ते मला न बघता दिसत होतं. आकाशाची पट्टी, आणखी एक पट्टी, मग लाइन तुटायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. बावन्न नारळ सलग लाइन टिकली तरच अर्ज वर येणार होता. टिकत नव्हती.

फोटो बदलायला मला दोन मिनिटं लागली असती. लहान केलेला फोटो माझ्या कॉम्प्युटरवर तयार होता. मी तो उघडूनही बसलो होतो. पण बदललेलं प्रत्येक पान काकांच्या वहीत चढायचं. ते विचारणार, का बदललंस? आणि शेठ मागच्याच टेबलाशी उभे. मी स्वतःला सांगत राहिलो, उघडेल, एकदा तरी लाइन टिकेल. वीस मिनिटं मी हेच सांगत राहिलो.

पाच पंचावन्नला काकांना सुचलं. "बाय, कागद मला पाठव. मी इथून भरतो!" मार्कशीट आली. प्रवेशाचं पत्र आलं. दाखल्याच्या फोटोचा नुसता धूसर चौकोन आणि त्यावर गोल गोल फिरणारी रेघ. ऑफिसातले सगळे त्यांच्या खुर्चीभोवती जमले. मीही. काका मोठ्याने मोजत होते, पण आकडे चुकत होते. अठ्ठावीसनंतर पुन्हा अठ्ठावीस म्हणाले. दाखला स्पष्ट झाला तेव्हा सहा वाजून दोन मिनिटं झाली होती.

शेठनी स्वतः ट्रस्टला फोन केला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ट्रस्टची माणसं वाईट नव्हती. म्हणाली, एकीला सूट दिली तर इतरांना काय सांगायचं?

मला वाटलं होतं, काका संशय घेतील. घेतला नाही. "आठवण मी माझ्या हाताने पुसली होती," एवढंच म्हणाले. त्यांना शोध लागला तो वेगळाच: आपल्याला अंदाजच येत नाही. "इथे चार म्हणतंय, तिथे साठातही येत नाही. गणित म्हणतं बावन्न. मला काय कळतंय यातलं? उगाच पोरीला थांब थांब म्हणत बसलो. पहिल्या पाच मिनिटांत कागद मागवले असते तर..."

त्या दिवसापासून काकांनी मोजणं सोडलं. नवीन पान आलं की उघडायचे, बघायचे आणि म्हणायचे, "बरं वाटतंय, जाऊ दे." बेल वाजवणं बंद. लिफ्टमध्ये गप्प. एकदा शेठ 'एक मिनिट हं' म्हणून गेले ते पाऊण तासाने आले, तरी काका आढ्याकडे बघत बसलेले. सहा महिन्यांनी त्यांनी काम सोडलं. वही टेबलाच्या खणात राहिली. ती मी घरी घेऊन आलो. का, ते मलाही सांगता येणार नाही. भाचीने तालुक्याच्या कॉलेजात नाव घातलं, असं कळलं. आता ती बाजारात एका दुकानात बसून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते.

गेल्या वर्षी मी काकांच्या घरी गेलो, मुलुंड पूर्वेला. खरं काय ते सांगायला. सुतरफेणी घेऊन गेलो होतो. काकूंनी चहा टाकला. मी बसल्याबसल्या दातांच्या डॉक्टरचा किस्सा काढला. काकू हसल्या. मग शेठची नक्कल केली. काकू पदर तोंडाला लावून हसल्या, काकाही हसले. मग शोकसभेचा किस्सा, खुद्द काकांसमोर! दीड तास बसलो. खाली रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की चित्रंच चित्रं झाली. मजकूर आलाच नाही.

त्यानंतर पुन्हा जायला मला आठ महिने लागले. या वेळी काही नेलं नाही, फक्त ती वही. दार काकांनीच उघडलं. केस पार पांढरे झालेले.

"अरे, ये ये. बेल कशाला वाजवलीस, दार लोटलेलंच होतं."

मी चपला काढल्या नाहीत. "काका, तुमचं गणित बरोबर होतं. तुम्ही खाली गेलात तेव्हा मी पान आधी उघडून ठेवलं होतं. बावन्न नारळ लागले होते. मी मोजले होते."

ते दाराची कडी धरून उभे राहिले. आतून कुकरची शिटी झाली. मी मनात मोजत होतो, दुसरं काय करणार? एकवीस झाले.

"ती फोनवर होती तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"शेजारी बसला होतास तू."

"हो काका."

त्यांनी माझ्या हातातून वही घेतली. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरून पान शोधलं. 'प्रत्यक्ष' खालच्या चारवर अंगठा फिरवला. मला वाटलं, आता थोबाडीत बसेल. बरं झालं असतं.

"चार वर्षं," ते म्हणाले. "कुकर किती शिट्ट्यांनी उतरवायचा तेसुद्धा मी हिला विचारतो रे. म्हटलं, आपला काय भरवसा." आवाज चढला नव्हता. "आणि तुला माहीत होतं."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"माका कित्याक सांगतंस? माझा काय गेला? फोन लाव तिला."

"आता?"

"मग कधी? नंबर घे."

नंबर त्यांना पाठ होता. मी लावला. मला आत ये म्हणाले नाहीत, दारही लावलं नाही. मी उंबऱ्याबाहेर, ते उंबऱ्याच्या आत. त्यांनी खूण केल्यावर मी स्पीकर चालू केला. पलीकडे रिंग वाजायला लागली आणि काकांनी हात पाठीमागे बांधले.

"एक नारळ," ते म्हणाले. "दोन नारळ."

आकडे संथ होते, पण एकही चुकत नव्हता. समोरच्या दारातून शेजारीण डोकावली. काकू ओले हात पुसत बाहेर आल्या आणि काकांचा आवाज ऐकून जागच्या जागी थांबल्या.

नवव्या नारळाला फोन उचलला गेला. मागे बाजाराचा गलका होता, कुणीतरी आधार कार्डाची झेरॉक्स मागत होतं. "हॅलो, कोण बोलतंय?"

काका मोजायचे थांबले. मला एक छान सुरुवात सुचली होती, हलकीफुलकी. ती मी गिळली आणि मजकूर आधी सांगितला.